छेदातलं पाणी

१९८६च्या पावसाळ्यात मी तालुक्याच्या गावी एका औषधांच्या दुकानात कामाला होतो. वय अठरा. बारावीला रसायनशास्त्रात नापास झालो होतो आणि ऑक्टोबरला पुन्हा बसायचं म्हणून दिवसा दुकान, रात्री पुस्तक अशी वाटणी केली होती. प्रत्यक्षात रात्री झोपच लागायची. दुकानात माझं काम म्हणजे फडताळं पुसायची, आलेला माल लावायचा आणि गर्दी झाली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चालतात अशा वस्तू द्यायच्या. जलसंजीवनीची पुडी त्यातलीच एक. मृग सरला, विहिरींना नवं पाणी आलं, की गावोगाव जुलाब-उलट्या सुरू व्हायच्या आणि या पुड्या भराभर खपायच्या.

एका संध्याकाळी वाडीवरचा एक माणूस आला. दीड वर्षाच्या मुलाला सकाळपासून जुलाब होत होते. मी दोन पुड्या दिल्या, पैसे घेतले आणि म्हणालो, "पाण्यात घालून पाजा." त्याच्यामागे आणखी चौघं उभे होते. तेवढंच बोलायला वेळ होता, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर दुकानात आले. मालक जेवायला गेले होते.

"काल वाडीवरच्या माणसाला पुडी कोणी दिली?"

"मी दिली, डॉक्टर."

"किती पाण्यात घालायला सांगितलंस?"

मी गप्प राहिलो. त्या घरात अख्खी पुडी पेलाभर पाण्यात कालवली होती. पोर तहानेनं व्याकूळ होऊन ते पीत राहिलं, आईबाप औषध म्हणून पाजत राहिले. दुसरी पुडीही तशीच गेली. पहाटे मुलाला झटके आले.

मूल वाचलं, हे इथेच सांगून टाकतो. पण ते त्या वेळी ठरलेलं नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी काउंटरवरचं बिलबुक ओढलं आणि एका पानामागे अपूर्णांक मांडला. वर लिहिलं 'पुडी', मध्ये रेघ, खाली 'पाणी'. म्हणाले, "हे बघ, वरचं कंपनीनं ग्रॅमवर मोजून दिलंय. त्यात तुला काही करायचं नाही. खालचं तेवढं तू सांगायचंस. ते सांगितलं नाहीस तर या पुडीला काही अर्थ नाही."

ते पान मी आजवर जपून ठेवलंय, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. ते रद्दीत गेलं. अपूर्णांक तेवढा डोक्यात राहिला. पुढे मी औषधांच्या वितरणातच आयुष्य काढलं आणि फावल्या वेळात ग्रंथालयांतून, जुन्या वैद्यकीय नियतकालिकांच्या प्रतींमधून या एका पुडीचा इतिहास गोळा करत राहिलो. मी रसायनशास्त्रज्ञ नाही, डॉक्टर तर नाहीच. पण चाळीस वर्षं एकाच अपूर्णांकाकडे पाहिल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. या इतिहासात अंशाकडे सगळ्यांचं लक्ष होतं. किती मीठ, किती साखर, कोणता क्षार, यावर निबंध लिहिले गेले, पुरस्कार मिळाले. माणसं मात्र पुष्कळदा छेदात चुकल्यामुळे दगावली. छेदात फक्त पाणी असतं आणि पाणी मोजायचं असतं हे कोणाच्या मनात येत नाही.

*

आधी त्या दिवशीचं गणित करून पाहू. बारावीत मला न जमलेलं गणित आहे, पण अवघड नाही.

द्रावणाची संहती म्हणजे ठरावीक द्रावणात द्राव्य किती, याचं मोजमाप. लिटरमागे ग्रॅम ही झाली साधी रीत. वाण्याला, हलवायाला तेवढी पुरते. शरीराला मात्र वजनाशी फारसं देणंघेणं नसतं. पाण्याची ओढ इकडे की तिकडे, हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं. म्हणून रसायनशास्त्रात कण मोजतात. ते एकेक मोजणं अशक्य, तेव्हा डझनासारखं एक मोठं माप केलं, मोल. मिठाच्या एका मोलचं वजन ५८.५ ग्रॅम, ग्लुकोजच्या एका मोलचं १८० ग्रॅम. डझनभर लिंबं आणि डझनभर नारळ वजनाला सारखे नसतात, तसंच हे. ग्रॅमला या आकड्यानं भागलं की मोल मिळतात आणि त्यांना द्रावणाच्या लिटरनं भागलं की मोलर संहती. दोनदा भागाकार, एवढाच सगळा हिशेब.

त्या काळच्या प्रमाणित पुडीत २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असे. ३.५ भागिले ५८.५ म्हणजे ०.०६ मोल, अर्थात ६० मिलीमोल सोडियम मिठातून. सायट्रेटचे १० मिलीमोल, पण त्याच्या प्रत्येक कणामागे सोडियमचे तीन, म्हणून आणखी ३०. एकूण ९०. पुडी एक लिटर पाण्यासाठी होती, तेव्हा लिटरमागे ९० मिलीमोल सोडियम.

शिस्तीच्या प्रयोगशाळेत पावडर आधी थोड्या पाण्यात विरघळवतात आणि मग खुणेपर्यंत पाणी भरतात, म्हणजे द्रावण बरोबर एक लिटर होतं. घरी आपण लिटरभर पाण्यात पुडी ओततो, त्यामुळे द्रावण लिटरहून किंचित जास्त भरतं. हा फरक एक-दोन टक्क्यांचा. त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. परीक्षेत मात्र याच फरकावर माझे गुण गेले होते.

आता तीच पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात घाला. छेद पाचपट लहान झाला, म्हणजे संहती पाचपट मोठी. ९० गुणिले ५, साडेचारशे मिलीमोल. हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मी तो ओळखला नव्हता. बऱ्याच वर्षांनी समुद्रशास्त्रावरचं एक पुस्तक चाळताना ओळखला. समुद्राच्या पाण्यात सोडियम लिटरमागे साधारण पावणेपाचशे मिलीमोल असतं. त्या मुलाला रात्रभर जवळजवळ समुद्राचं पाणी पाजलं गेलं होतं. रक्तातलं सोडियम वाढलं की पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं; मेंदूतलंही. तहान वाढते, मूल आणखी पितं. दर घोटाला प्रकृती खालावते आणि औषध चालू आहे या समजुतीनं कोणी हात आखडत नाही.

*

पटकीच्या रुग्णाला मीठ-पाणी द्यावं ही कल्पना जुनी आहे. १८३१-३२ साली पटकीची साथ ब्रिटनमध्ये पोचली तेव्हा विल्यम ओशॉनेसी या बावीस-तेवीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरनं रुग्णांचं रक्त तपासलं. रक्तातलं पाणी घटलंय आणि क्षारही घटलेत, ते परत द्यायला हवेत, असा त्याचा निष्कर्ष. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला, तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकण्याचं कामही त्यानंच पुढे नेलं.

त्याची कल्पना अमलात आणली ती एडिंबरोजवळच्या लीथ बंदरातल्या थॉमस लाट्टा या डॉक्टरनं, १८३२च्या मे महिन्यात. मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या शिरेत त्यानं खारं पाणी सोडलं आणि त्यातली काही माणसं अक्षरशः उठून बसली. त्यानं आपली कृती 'लॅन्सेट'ला कळवली. सहा पिंट पाण्यात दोन ते तीन ड्रॅम मीठ आणि दोन स्क्रुपल सोड्याचा क्षार.

मी या कृतीचं मोलमध्ये रूपांतर करायला बसलो आणि पहिल्याच पायरीला अडलो. ड्रॅम म्हणजे औषधी वजनात सुमारे ३.९ ग्रॅम, ते ठीक. पण पिंट कोणता? १८२४च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये नवा इंपीरियल पिंट आणला, तो ५६८ मिलिलिटरचा. त्याआधीचा दारूचा पिंट ४७३ मिलिलिटरचा. आणि स्कॉटलंडचा स्वतःचा जुना पिंट या सगळ्यांहून मोठा, पावणेदोन लिटरच्या आसपास. लीथ हे स्कॉटलंडमधलं गाव. अभ्यासक इथे इंपीरियल पिंट धरतात. तसं धरलं तर सहा पिंट म्हणजे ३.४ लिटर, आणि लिटरमागे मीठ येतं २.३ ते ३.४ ग्रॅम. आज शिरेतून देतात त्या सलाईनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं. लाट्टाचं पाणी त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकंच खारट होतं.

लाट्टा पुढच्या वर्षी वारला. साथ ओसरली आणि उपाय मागे पडला. पाण्यातले जंतू, उपचाराला झालेला उशीर, अशी त्याच्या अपयशाची इतरही कारणं आहेत. पण एकाच शब्दाचे तीन अर्थ होत असताना एका डॉक्टरची कृती दुसऱ्यानं जशीच्या तशी करून पाहणं मुळातच कठीण होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात रक्तापेक्षा दाट सलाईन शिरेतून देऊन पटकीच्या मृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आणलं. उपाय खरा होता, प्रश्न किती दाट, किती पातळ एवढाच उरला होता.

*

शिरेतून द्यायचं तर निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, हातात कसब हवं. तोंडानं का देता येऊ नये? १९५३ साली कलकत्त्यातल्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ते करून पाहिलं आणि 'लॅन्सेट'मध्ये छापलं. १,००० मिलिलिटर पाण्यात ४ ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम ग्लुकोज. याचंही गणित मी केलं. सोडियम ६८ मिलीमोल, ग्लुकोज १३९. सोडियमचा हा ६८चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याची गाठ पडणार आहे. चटर्जींच्या लेखाकडे तेव्हा जगानं पाहिलं नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि पटकीत आतडं बिघडलेलंच असतं, तेव्हा तोंडानं दिलेलं आत शिरणार कसं, असा समज पक्का होता.

तो समज दूर झाला १९६०मध्ये. रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञानं प्रागमधल्या एका बैठकीत मांडलं की आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत जातात. एकाला दुसऱ्याचा हात लागतो, आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. पटकीत हे दार बंद होत नाही. साखर घालायची ती ताकदीसाठी नव्हे, मिठाला आत न्यायला, हे त्यातून उमगलं.

पण दार उघडं असलं म्हणून हवी तेवढी गर्दी लोटून चालत नाही. अमेरिकी नौदलातले डॉक्टर कॅप्टन रॉबर्ट फिलिप्स यांनी १९६२च्या सुमारास फिलिपिन्समध्ये तोंडानं द्यायचं द्रावण वापरून पाहिलं. ते रक्तापेक्षा दाट होतं आणि त्या प्रयोगात काही रुग्ण दगावले. फिलिप्स पुढे ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले, पण तोंडावाटे उपचाराबद्दल ते फार सावध राहिले. त्यांच्या हाताखालच्या डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी १९६८ साली दाखवून दिलं की योग्य संहतीचं द्रावण, जितकं शरीरातून गेलं तितकं मोजून परत दिलं, तर शिरेतल्या सलाईनची गरज पुष्कळच कमी होते. त्यांच्या निबंधातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे मोजमापाची चिकाटी. काय दिलं याच्या जोडीला किती दिलं आणि किती गेलं, हे त्यांनी तासातासाला लिहून ठेवलं.

हे सगळं रुग्णालयात, मोजपात्रं हाताशी असताना. ती नसताना काय करायचं?

*

१९७१. पूर्व पाकिस्तानातून कोटीच्या घरात निर्वासित भारतात येत होते. बंगालच्या सीमेवरच्या बनगावात पटकी पसरली. तिथल्या लहानशा रुग्णालयात रुग्ण जमिनीवर पडले होते आणि त्यांना सलाईन लावायचं तर घाणीत गुडघे टेकून बसावं लागे. कलकत्त्यातल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्रातले डॉ. दिलीप महालनबीस जूनच्या अखेरीस तिथे पोचले. शिरेतून देण्याचं सलाईन संपत आलं होतं. त्यांनी तोंडानं द्यायचं द्रावण सरसकट वापरायचं ठरवलं.

कृती अशी होती: लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम बाजारात मिळणारं ग्लुकोज, ३.५ ग्रॅम साधं मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात केंद्राच्या ग्रंथालयाची खोली रिकामी करून तिथे या वस्तू वजन करून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरल्या गेल्या आणि गरम इस्त्रीनं पिशव्यांची तोंडं बंद केली गेली. खर्च लिटरमागे अकरा पैसे.

गणित करून पाहा. मिठाचे ६० मिलीमोल सोडियम, सोड्याचे ३०, मिळून ९०. बाजारातल्या ग्लुकोजमध्ये पाण्याचाही एक कण चिकटलेला असतो, त्यामुळे त्याचा भागाकार १८०नं न करता १९८नं करायचा. उत्तर येतं १११ मिलीमोल. २२ आणि ३.५ हे आकडे वजनात पाहिले तर साखर मिठाच्या सहापट दिसते. कण मोजले तर साखर आणि सोडियम जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे आहेत. क्रेन यांनी सांगितलेली जोडी ती हीच. योगायोग असा, की मोल हे एकक आंतरराष्ट्रीय पद्धतीतल्या मूलभूत एककांत दाखल झालं तेही १९७१ सालीच, पॅरिसच्या वजनमापांच्या परिषदेत.

बनगावात पिशवीतली पावडर मोठ्या पिंपात विरघळवत. पिंपाला खाली तोटी. रुग्णाचे नातेवाईक पेला घेऊन यायचे, भरून न्यायचे आणि स्वतः पाजायचे. आठ आठवड्यांत ३,७०३ रुग्णांवर उपचार झाले, त्यात १३५ दगावले, म्हणजे ३.६ टक्के. त्याआधी छावण्यांमध्ये हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेलं होतं. १९७३ साली हे छापून आलं, १९७८ साली 'लॅन्सेट'च्या संपादकीयात या उपायाचं वर्णन शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती असं झालं. महालनबीस २०२२च्या ऑक्टोबरात गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

या कथेत नातेवाइकांच्या हाती उपचार सोपवण्याचं धाडस सगळे सांगतात, आणि ते सांगायलाच हवं. मला त्यातलं पिंप महत्त्वाचं वाटतं. नातेवाइकांच्या हाती पेला आला तो द्रावण तयार झाल्यावर. किती प्यायचं हे घरच्यांनी ठरवलं, पण किती पाण्यात हे पिंपाशी उभ्या असलेल्या माणसानं आधीच ठरवलेलं होतं. अपूर्णांकाचा छेद छावणीच्या ताब्यात होता.

पुढे पुडी घरोघर गेली आणि पिंप मागे राहिलं.

*

ऐंशीच्या दशकात आमच्या भागात लिटर म्हणजे नेमकं किती हे कोणाला ठाऊक होतं? सगळ्यांना होतं आणि कोणाच्याच घरात नव्हतं. दूध संघाच्या संकलन केंद्रावर लिटरचं माप होतं, रेशनच्या दुकानात रॉकेलचं होतं. घरात तांब्या, पेला, कळशी. म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून शेर-पायली. पुडीवर 'एक लिटर पाण्यात' असं छापलेलं असे, बारीक अक्षरांत. ज्या बाईनं ते वाचून अमलात आणायचं तिला बहुधा वाचता येत नसे, आणि आलं तरी मापाचं भांडं नसे. औषध म्हटलं की पेलाभर पाण्यात, ही सवय मात्र पक्की होती.

याला उत्तर शोधलं ते बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेनं. १९८० ते १९९० या दहा वर्षांत तिच्या कार्यकर्त्या खेडोपाडी घरोघर फिरल्या, एक कोटीहून अधिक घरांत. त्यांच्याजवळ पुडी नव्हती. त्या आईला शिकवत: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. लोबोन-गूर, मीठ-गूळ. गुळात थोडं पोटॅशियमही असतं, ते फुकटात.

चिमूट आणि मूठ ऐकून मला सुरुवातीला शंका आली. प्रत्येकीचा हात वेगळा, मग संहती सांभाळणार कशी? तपशील वाचल्यावर शंका फिटली. पाणी त्यांनी हातावर सोडलं नव्हतं. अर्धा शेर म्हणजे सुमारे ४६७ मिलिलिटर. कार्यकर्ती मोजलेलं पाणी त्या घरातल्याच एखाद्या भांड्यात ओती आणि पाणी कुठवर आलं ते आईला दाखवून त्याची खूण करून देई. मग आईकडून तिच्यासमोर द्रावण करवून घेई. काही आठवड्यांनी दुसरंच पथक निवडक घरांत जाऊन आईला काय आठवतं ते विचारी, तिनं केलेल्या द्रावणाचे नमुने घेई आणि त्यातलं सोडियम प्रयोगशाळेत तपासलं जाई. कार्यकर्तीचा पगार तिनं किती घरं केली यावर नसे, आयांच्या लक्षात किती राहिलं यावर असे.

हे वाचताना मला दुकानातली ती संध्याकाळ आठवली. माझा पगार पुड्या खपवण्याचा होता. गिऱ्हाइकाच्या लक्षात काय राहिलं याचा पगार मला कोणी दिला असता, तर मागे चौघं उभे असूनही मी एक वाक्य जास्त बोललो असतो.

*

अंशाची दुरुस्ती पुढेही चालू राहिली. ९० मिलीमोल सोडियम पटकीला बरोबर होतं, पण मुलांच्या साध्या जुलाबांत मिठाचा एवढा ऱ्हास होत नाही. अनेक देशांतल्या चाचण्यांनंतर २००२ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी प्रमाण बदललं: लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट पूर्वीइतकंच. सोडियम ७५, ग्लुकोज ७५, सगळे कण मिळून २४५ मिलीमोल. रक्तात हा आकडा २९०च्या जवळपास असतो, म्हणजे नवं द्रावण रक्ताहून थोडं पातळ. सोडियमच्या या ७५शेजारी चटर्जींचे १९५३चे ६८ ठेवून पाहावेत. जग पन्नास वर्षं फिरून त्या आकड्याच्या शेजारी येऊन उभं राहिलं. साखर मात्र त्यांनी जास्त घातली होती.

आणि छेद? तो अजून ज्याच्या त्याच्या हाती आहे. बाजारात आता दोन आकारांच्या पुड्या मिळतात, सुमारे २१ ग्रॅमची लिटरसाठी आणि सव्वाचार ग्रॅमच्या आसपासची पेलाभर पाण्यासाठी. मोठी पेल्यात घातली तर समुद्र, छोटी लिटरमध्ये घातली तर नुसतं पाणी; १५ मिलीमोल सोडियमनं काय भागणार? शिवाय ओआरएस असं नाव लावलेली तयार गोड पेयं औषधांच्या दुकानांत कित्येक वर्षं विकली गेली. बाजारातल्या बहुतेक गोड पेयांत १०० मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते, जलसंजीवनीत ती १.३५ ग्रॅम. एवढी साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. २०२५च्या ऑक्टोबरात भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात न बसणाऱ्या पेयांना हे नाव वापरायला मनाई केली. म्हणजे नाव कशाचं, हाही शेवटी संहतीचाच प्रश्न ठरला.

त्या वर्षीच्या दिवाळीत वाडीवरचा तो माणूस मुलाला कडेवर घेऊन दुकानात आला होता. खोकल्याचं औषध हवं होतं. बाटली हातात घेऊन त्यानं मला विचारलं, "ह्यात पाणी किती घालायचं?" मी म्हणालो, "यात नाही घालायचं. तसंच द्यायचं, अर्धा चमचा." चमचाही दिला. मागच्या गोष्टीचा त्यानं विषय काढला नाही, मीही नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेला मी बसलोच नाही.

आता परिस्थिती एका बाबतीत बदलली आहे, आणि ती कोणत्याही आरोग्य योजनेनं बदललेली नाही. पाण्याची एक लिटरची प्लास्टिकची बाटली आज वाडी-वस्तीवरच्या घरातही सापडते. लग्नातून आलेली, एसटीत विकत घेतलेली, धुऊन शेतावर न्यायला ठेवलेली. लाट्टाला पिंटबद्दल जे सांगता आलं नाही, माझ्या दुकानातल्या पुडीवर जे बारीक अक्षरांत छापलेलं होतं, ते माप आपोआप घरात येऊन पडलं आहे. ते तिथे आहे एवढं फक्त सांगावं लागतं.

म्हणून मी आजही कोणाला पुडी देताना 'एक लिटर' म्हणत नाही. विचारतो, "घरात पाण्याची रिकामी बाटली आहे? मोठी, एक लिटरची?" हो म्हणाले की सांगतो, ती स्वच्छ धुवा, गळ्यापर्यंत उकळून गार केलेलं पाणी भरा, ते पातेल्यात ओता आणि त्यात ही अख्खी पुडी. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या. मग त्यांच्याकडून एकदा परत म्हणवून घेतो. मागे कितीही माणसं उभी असली तरी.